क्ष-किरणांच्या काचेवरील नारू



मराठवाड्यातील साठी-सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या शेतकऱ्याचा पाय बांधावरून घसरून मुरगळतो. हाड मोडले की काय हे पाहण्यासाठी त्याला जिल्ह्याच्या गावी नेऊन त्याच्या पायाचे क्ष-किरण चित्र काढतात. हाड शाबूत असते. पण कधी कधी त्या चित्रात, नडगीच्या शेजारी, पोटरीच्या मांसाची जी करडी छाया असते तिच्यात, एक पांढरा तंतू दिसतो. तो कोठे वळसे घेतो, कोठे वेटोळे करून बसतो, कोठे मण्यांच्या तुटक्या माळेसारखा तुकड्या-तुकड्यांनी पुढे सरकतो. ती रेषा शिरेची नसते, स्नायूची नसते, आणि हाडाशी तर तिचे काहीच नाते नसते. नव्याने पदवी घेऊन आलेला डॉक्टर क्षणभर थबकतो. म्हाताऱ्याला विचारावे तर तो सहज सांगतो की, लहानपणी आपल्याला दोन-तीनदा नारू झाला होता.

जे नारू बाहेर आले ते गेले. जो बाहेर आलाच नाही, आतल्या आत मेला, तो हा. आणि यात नवलाची गोष्ट अशी की, हा कृमी जिवंत असताना, दोन-अडीच हात लांब होऊन त्या पायात हिंडत असताना, त्याच पायाचे क्ष-किरण चित्र काढले असते तर त्यात तो मुळीच दिसला नसता. मेल्यानंतर मात्र तो असा उमटला की पन्नास वर्षांनीही पुसला गेला नाही. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी क्ष-किरणांना शरीरातील काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा थोडा विचार केला पाहिजे. आपल्या परभणीकडच्या पाण्याचा इतिहासही त्याच वाटेने आपल्या हाती लागेल.

जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथील प्राध्यापक राँटगेन यांना या किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लागला. पुढचे काही आठवडे त्यांनी प्रयोगशाळेत स्वतःला जवळजवळ कोंडूनच घेतले होते. हाती लागेल ती वस्तू त्या किरणांपुढे धरावी, आणि तिच्यातून किरण किती पार जातात ते पाहावे, असा त्यांचा क्रम चालला होता. हजार पानांचा ग्रंथ धरला, तर तो किरणांनी सहज ओलांडला. लाकडाच्या फळ्या पार झाल्या. अॅल्युमिनियमचा जाड पत्रा बराचसा पार झाला. शिसे मात्र दीड मिलिमीटर जाडीचे असले तरी किरण त्यापुढे अडले. याच परीक्षेत त्यांनी २२ डिसेंबर रोजी आपल्या पत्नीचा हात ठेवला, आणि बोटातील अंगठीसह हाताच्या हाडांचे ते प्रसिद्ध चित्र निघाले. हे चित्र साऱ्या जगभर गेले. पण ज्या दृष्टीने ते काढले होते ती दृष्टी त्याच्याबरोबर गेली नाही. राँटगेन यांच्या मनात पुस्तक, फळी, शिसे आणि हात ही सारी एकाच मालिकेतील वस्तू होती. वर्तमानपत्रे वाचणाऱ्या लोकांनी मात्र असा समज करून घेतला की, या किरणांना शरीराच्या आतले सर्व काही दिसते. हा समज अजूनही गेलेला नाही. ‘फोटो काढला, त्यात काही निघाले नाही, म्हणजे आत काही नाही,’ असे सुशिक्षित घरांतूनही आपण ऐकतो.

वस्तुतः हे चित्र म्हणजे छाया होय. किरण शरीरातून पलीकडे जातात, पलीकडे काच किंवा फिल्म असते, आणि जेथे किरण पोचतात तेथील रुप्याचा क्षार काळा पडतो. जेथे वाटेत अडथळा येतो तेथे तो कोरा राहतो, आणि उजेडासमोर धरल्यावर पांढरा दिसतो. राँटगेन यांच्या छापील चित्रात हाडे काळी होती, कारण ते काचेवरून कागदावर उलटे उतरवलेले होते. दवाखान्यात मूळ काचच पाहण्याची वहिवाट पडली, आणि म्हणून आपल्या ओळखीचे हाड पांढरे झाले. आता रुप्याच्या क्षाराची जागा बहुतेक ठिकाणी संगणकाच्या पडद्याने घेतली आहे, पण काळ्या-पांढऱ्याचा तो रिवाज तसाच चालू आहे.

मग हा अडथळा कशाचा? एक तर जाडीचा, दुसरा घनतेचा, आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा, पदार्थ कोणत्या मूलद्रव्यांचा बनला आहे याचा. शरीराचा बहुतेक भाग हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन या हलक्या मूलद्रव्यांचा आहे. त्यांचे अणुक्रमांक अनुक्रमे १, ६, ७ आणि ८. हाडात फॉस्फरस आहे, त्याचा १५. आणि कॅल्शियम, म्हणजे आपल्या ओळखीच्या चुन्यातील धातू, त्याचा २०. किरण शोषले जाण्याचा एक मोठा भाग या अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात वाढत जातो. म्हणजे क्रमांक दुप्पट झाला तर तेवढे शोषण सुमारे आठपट. म्हणून हाडाची छाया तेवढ्याच जाडीच्या मांसाच्या छायेपेक्षा ठसठशीत पडते.

आपल्या वैद्यकाने शरीराचे सात धातू सांगितले आहेत: रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा आणि शुक्र. ही यादी घेऊन क्ष-किरणांकडे गेले तर मोठी गंमत होते. रस, रक्त आणि मांस या तिघांत त्यांना फरकच करता येत नाही. तिन्ही पाण्याच्या जातीचे, तिन्हींची करडी छाया एकसारखी. यकृत, प्लीहा, हृदय, त्या हृदयातील रक्त, आणि एखाद्या गळवातील पू, ही सर्व त्याच एका रंगात येतात. मेद किंचित वेगळा पडतो. पाण्याची घनता १ धरली तर मेदाची सुमारे ०.९ आणि मांसाची १.०५, शिवाय मेदात कार्बन-हायड्रोजनच अधिक, म्हणून तो मांसापेक्षा काळसर दिसतो. हा फरक क्षुल्लक वाटेल. पण मूत्रपिंडांची कड चित्रात उमटते ती त्यांच्याभोवतीच्या चरबीच्या वेष्टणामुळे, आणि दोन स्नायूंच्या मधली सीमा कळते ती त्यांच्यामधील चरबीच्या पातळ थरामुळे. अस्थीचा पांढरा रंग सर्वांना माहीत आहे. टणक हाडाची घनता १.९ च्या जवळपास जाते. मज्जा त्या हाडाच्या पोकळीत असते, आणि मोठ्या माणसाच्या लांब हाडांत ती बरीचशी चरबीच असल्यामुळे हाडाच्या दोन पांढऱ्या भिंतींमधला काळसर पट्टा म्हणून ओळखू येते. सातव्या धातूचे नाव येथे काढण्याचे कारण नाही.

या यादीत नसलेल्या दोन गोष्टी मात्र क्ष-किरणांना सर्वांत स्पष्ट दिसतात. त्यांपैकी एक हवा. तिची घनता पाण्याच्या आठशेव्या भागाएवढी, म्हणून हवेने भरलेली फुप्फुसे काळी येतात. हृदय आपल्याला दिसते तेही या काळ्या पार्श्वभूमीमुळेच. त्याच्या शेजारच्या फुप्फुसात न्यूमोनियाने पाणी भरले, की गोदावरीला पूर आल्यावर काठ दिसेनासा व्हावा तशी हृदयाची ती कड पुसली जाते. आणि कोणती कड पुसली गेली यावरूनच डॉक्टर रोगाची जागा सांगतो. दुसरी गोष्ट धातू, म्हणजे खराखुरा धातू: लोखंड, शिसे, सोने. १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवरील तिराहच्या मोहिमेत बीव्हर नावाच्या लष्करी शल्यवैद्याने क्ष-किरणांचे यंत्र डोंगरात नेऊन जखमी शिपायांच्या अंगातील गोळ्या शोधल्या. हिंदुस्थानच्या भूमीवर युद्धात या किरणांचा झालेला हा अगदी आरंभीचा उपयोग. शिशाची गोळी शोधायला या किरणांइतके चांगले साधन नव्हते. त्याच शिपायाच्या पोटात रक्तस्राव होत असता, तर तो मात्र त्यांना दिसला नसता.

ही उणीव वैद्यांना लवकरच बोचू लागली, आणि तिच्यावर त्यांनी जे उपाय काढले त्या सर्वांचे तत्त्व एकच आहे. जेथे छायेत फरक नाही तेथे तो बाहेरून आणून घालावयाचा. बेरियमचे पांढरे पाणी पाजून १९१० पासून जठर आणि आतडी दिसू लागली. अमेरिकेत डँडी यांनी १९१८ साली मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून त्यांचा आकार पाहिला. पोर्तुगालात मोनिझ यांनी १९२७ साली मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अपारदर्शक द्रव सोडला. पुढे १९७१ मध्ये लंडन येथे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे छेदचित्र निघाले, आणि पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, चरबीला उणे शंभराच्या आसपास आणि टणक हाडाला अधिक हजारापर्यंत, असे त्या करड्या छटांना आकडे मिळाले. साध्या काचेने एकाच रंगात दाखविलेले रक्त आणि मांस तेथे थोड्याफार आकड्यांनी वेगळे पडते. पण तालुक्याच्या दवाखान्यात मुरगळलेल्या पायासाठी निघते ते साधेच चित्र, आणि आपण त्याच्याकडेच परत वळू.

नारूची मादी सत्तर ते शंभर सेंटिमीटर लांब, आणि जाडीला शेवयांहून फारशी अधिक नाही. तिच्या अंगात प्रथिने आणि पाणी. पोटात लाखो सूक्ष्म पिले, आणि तीही तशीच. म्हणजे क्ष-किरणांच्या दृष्टीने ती मांसात ठेवलेला मांसाचा दोरा आहे. तिला ओळखावे तरी कशावरून? प्राचीन वैद्यांचीही अडचण थोडीफार अशीच होती, ही येथे मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात या रोगाचे नाव ‘स्नायुक’ असे आहे, म्हणजे स्नायूसारखा, तंतूसारखा. अकराव्या शतकातील इब्न सीना याने त्याचे उत्तम वर्णन केले, पण त्याचे अरबी नाव ‘मदिनेची शीर’ असेच राहिले. पायातून हळूहळू बाहेर येणारी ही पांढरी दोरी प्राणी आहे, की आपलीच एखादी शीर कुजून सुटली आहे, याविषयी युरोपातील विद्वानांनाही फार काळ शंका होती. लिनियस याने १७५८ साली तिला कृमींच्या यादीत घातले. खेड्यातील माणसाला ही शंका कधी नव्हती, असे मला वाटते. त्याने काडीवर गुंडाळताना ती आखडलेली पाहिली होती.

हा प्राणी पायात शिरतो कोठून, याचे उत्तर मिळण्यास १८७० साल उजाडावे लागले. तुर्कस्तानात हिंडणारा रशियन निसर्गशास्त्रज्ञ फेदचेंको याने दाखविले की नारूची पिले पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या जलपिसूच्या शरीरात वाढतात. लायपर याने १९०७ च्या सुमारास पुढचा दुवा जोडला. माणूस पाण्याबरोबर ही पिसू गिळतो, जठरातील आम्लाने ती मरते, आणि आतली पिले मोकळी होतात. मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेतील तुरखुद यांचे १९१३ च्या सुमाराचे प्रयोगही याच शोधाच्या इतिहासात मोडतात. मोकळी झालेली पिले आतड्याच्या भिंतीतून बाहेर पडतात; सुमारे तीन महिन्यांत नर-मादींचा संयोग होतो; इंच-दीड इंचाचा नर मरून जातो; आणि मादी वर्षभर अंगात वाढत राहून शेवटी बहुधा पायाच्या कातडीखाली येते. तेथे आग होणारा फोड उठतो. आग शमावी म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवितो, फोड फुटतो, आणि मादी पाण्यात पिलांचा दुधासारखा लोट सोडते. पुन्हा पिसू, पुन्हा पिणारा.

मादी बाहेर येण्यापूर्वीच अंगात मेली, तर काय होते? कधी गळू होते, कधी ती विरून जाते. पण कित्येकदा शरीर तिला बाहेर टाकू शकत नाही आणि जिरवूही शकत नाही. तेव्हा तिच्याभोवती आणि तिच्या अंगात चुन्याचे क्षार बसू लागतात. मांसाचा दोरा चुन्याचा दोरा होतो. आसपासच्या स्नायूंच्या हालचालींनी तो ठिकठिकाणी तुटतो, म्हणून चित्रात मण्यांची माळ दिसते. हाडाला जे कॅल्शियम पांढरे करते तेच आता या परक्या पाहुण्याला पांढरे करते, आणि जिवंतपणी साऱ्या तपासणीतून निसटलेला प्राणी मेल्यावर क्ष-किरणांना सापडतो. इंग्लंडातील मँचेस्टरच्या संग्रहालयात इजिप्तमधील एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची ममी आहे. तिचा क्रमांक १७७०. ती १९७५ साली उलगडण्यात आली. तिच्या क्ष-किरण चित्रांत पोटाच्या पुढच्या भिंतीत चुन्याची एक लहानशी गाठ दिसत होती. ती नारूचा नर होती. जो नर जिवंत माणसात शोधूनही क्वचितच सापडतो, त्याचा पुरावा असा शतकानुशतके टिकला. मांस सुकले, रक्त गेले, चुना राहिला.

आता परभणीकडे वळू. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांचा हा प्रदेश. खाली काळ्या फत्तराचे थर, त्यांतील भेगांत साठलेले पाणी, आणि पावसाळ्यानंतर महिन्यागणिक खाली जाणारी पातळी. अशा भूमीत पाण्याबरोबर माणसालाही खाली उतरता यावे म्हणून पूर्वजांनी पायऱ्यांच्या विहिरी बांधल्या. त्यांना आपण बारव म्हणतो. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव, जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची बारव, परभणीजवळच्या पिंगळीची बारव, ही स्थापत्याची कौतुकास्पद उदाहरणे होत. अलीकडच्या वर्षांत ठिकठिकाणच्या तरुणांनी त्यांतील गाळ उपसून त्या पुन्हा मोकळ्या केल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. पण बारवेचे सौंदर्य सांगताना तिची दुसरी बाजू आपले लेखक बहुधा गाळतात, म्हणून ती येथे सांगतो. आडाचे पाणी पोहऱ्याने वर येते. माणसाचा पाय त्याला लागत नाही. बारवेत माणूस पाण्यापर्यंत जातो, घागर बुडविण्यासाठी घोटाभर पाण्यात उभा राहतो, आणि त्या घोट्यावर फोड असेल तर तो तेथेच फुटतो. त्याच पाण्याची घागर भरून वर येते. नारूच्या दृष्टीने याहून सोयीची रचना कोणी मुद्दाम आखली असती तरी साधली नसती.

ऋतूचीही त्याला साथ होती. चैत्र-वैशाखात बारवेच्या तळाशी थोडे पाणी उरते. तेवढ्याच पाण्यात साऱ्या गावाच्या घागरी बुडतात, आणि तेवढ्यातच पिसवांची दाटी होते. त्या दिवसांत गिळलेला नारू वर्षभराने, पुन्हा त्याच दिवसांत, पायाबाहेर डोके काढतो. म्हणजे शेतकरी अंथरुणाला खिळावयाचा तो बरोबर मृगाच्या पेरणीच्या तोंडावर. काडीवर रोज दोन-चार बोटे गुंडाळीत नारू काढावयास कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे लागत. घाई केली आणि तो तुटला तर पाय सुजून पिकत असे. त्याच्यावर औषध नव्हते, आजही नाही. एकदा झाला म्हणजे पुन्हा होत नाही असेही नव्हते. शरीराला त्याची सवय होत नाही. पाणवठ्यांवर जातीजातींचे पहारे असलेल्या त्या काळात, आपापल्या राखलेल्या पाण्यावरही जो तो त्याला बळी पडे. सांध्याजवळ अडकलेल्या नारूमुळे गुडघा किंवा घोटा कायमचा आखडलेली माणसे त्या पिढीने पाहिली आहेत.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली मुंबई राज्यात आला, आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. राज्ये बदलली तरी बारवेच्या तळाशी फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो खडकातून. सत्तरीच्या आसपास, विशेषतः १९७२ च्या मोठ्या दुष्काळाच्या वेळी, दख्खनच्या फत्तरात यंत्राने खोल छिद्रे पाडून पाणी काढण्याचे काम वेगाने सुरू झाले. अडचण होती ती पंपाची. ओतीव लोखंडाचे जुने हातपंप साऱ्या गावाच्या वापराखाली महिन्या-दोन महिन्यांत मोडत. शेजारच्या जालना येथील मिशनच्या कार्यशाळेत एकाच सांध्यावर चालणारा मजबूत पोलादी हातपंप तयार झाला. त्यावरून सोलापूरचा पंप निघाला, आणि त्यावरून पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप घडला. तो साऱ्या देशात आणि आफ्रिकेतही गेला. नारूच्या इतिहासात मी त्या कार्यशाळेला कोणत्याही औषधालयापेक्षा वरची जागा देईन.

नारू-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे ४० हजार रोगी नोंदले जात होते. उपाय साधे होते: बारवेच्या पायऱ्या बंद करून तिचा कठड्याचा आड करणे किंवा तिच्याऐवजी हातपंप बसविणे, पाणी दुहेरी फडक्याने गाळून घेणे, पिसवा मारणारे टेमेफॉस हे द्रव्य मोजून पाण्यात टाकणे, आणि फोड आलेल्या माणसाला पाण्यात उतरू न देणे. यांतील शेवटचा उपाय सांगण्यास सर्वांत सोपा आणि पाळून घेण्यास सर्वांत अवघड होता, कारण ज्याच्या पायाची आग होते त्याला थंड पाण्यापासून दूर ठेवायचे होते. तरीही तो पाळला गेला. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. १९८६ च्या सुमारास साऱ्या जगात वर्षाला ३५ लाख लोकांना नारू होत असावा असा अंदाज होता. २०२३ साली नोंदलेल्या मानवी रोग्यांची संख्या १४ होती.

त्यामुळे पोटरीतील तो पांढरा तंतू आता एका विशिष्ट पिढीचाच आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला नारू पुस्तकात भेटतो, आणि पुस्तकातही त्याचे पान दिवसेंदिवस आखूड होत चालले आहे. याचा एक परिणाम असा की, चित्रात हा तंतू दिसला की कधी कधी भलताच विचार मनात येतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत चुना बसला तर दोन समांतर रेषा दिसतात, आगगाडीच्या रुळांसारख्या, आणि त्या रक्तवाहिनीच्या ठरलेल्या मार्गानेच जातात. नारू कोणताही मार्ग मानीत नाही. पट्टकृमीच्या पिलांच्या गाठी चुनावल्या तर त्या तांदळाच्या दाण्यांसारख्या, स्नायूंच्या धाग्यांच्या दिशेने लावल्यासारख्या दिसतात. तुटलेली सुई किंवा तारेचा तुकडा धातूचा असल्यामुळे हाडाहूनही पांढरा आणि कडेला रेखीव येतो. एवढे ध्यानात ठेवले तर म्हाताऱ्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्याची वेळ येत नाही. चुनावलेला नारू सांध्याला त्रास देत नसेल, तर त्याला आहे तेथे राहू द्यावे.

या इतिहासाचे एक पान अजून उलटायचे आहे, आणि ते मात्र आनंदाचे नाही. खडकातील खोल पाणी नारूपासून मुक्त असते. पण काही ठिकाणी त्यात फ्लोराइड अधिक असते. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. त्याहून जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर प्रथम मुलांच्या दातांवर डाग पडतात, आणि पुढे हाडे बिघडतात. हाडांच्या या विकाराचे भारतातील पहिले वर्णन १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोरच्या बाजूचे आहे. महाराष्ट्रातही तो आहे. परभणीच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील किनवटचा भाग त्यासाठी ओळखला जातो. क्ष-किरणांच्या काचेवर हा विकार मोठा विलक्षण दिसतो. मणक्यांची हाडे खडूसारखी एकसंध पांढरी होतात, त्यांतील नेहमीची बारीक जाळी दिसेनाशी होते. कोपराखालच्या दोन हाडांना जोडणारा एक पातळ पडदा असतो. निरोगी माणसाच्या चित्रात तो मांसात मिसळून गेलेला असतो, कधीच दिसत नाही. फ्लोराइडच्या रोग्यात त्याच्यात चुना बसतो, आणि दोन हाडांच्या मधल्या जागेत हाडाच्या कडेपासून निघालेली ओबडधोबड पांढरी रेषा उमटते. जे क्ष-किरणांना कधीच दिसू नये ते येथेही चुन्यानेच दिसू लागते.

ज्याचे बालपण बारवेच्या पाण्यावर गेले आणि उतारवय अशा खोल पाण्यावर, त्याच्या अंगात या दोन्ही खुणा असणे अशक्य नाही. पायाच्या चित्रात तंतू, हाताच्या चित्रात ती रेषा. डॉक्टराने अहवाल लिहिताना दोहोंना ‘चुना बसला आहे’ असेच म्हणावे लागेल. पण पहिल्यासाठी काही करावयाचे नाही, आणि दुसऱ्यासाठी त्या घरातील पिण्याचे पाणी तपासून घेतले पाहिजे, कारण त्या घरातील नातवंडेही तेच पाणी पीत असतात.